पायाळू माणूस आणि पत्र्याची गाडी

आमच्या भिंगारमध्ये मे महिन्यात दुपारी वारा पडला आणि अंगाची लाही लाही होऊ लागली, की जुनी माणसं आभाळाकडे बघतात. वळीव येणार! माझी अम्मी मात्र आधी माझ्याकडे बघायची. मी पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेला. पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत आपल्याकडे सगळ्या जातीधर्मांत आहे. गडगडलं की अम्मी मला घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात बसवायची.

गेल्या मे महिन्यात ती घोंगडी आठवली. पुतण्यानं जुन्या व्हॅनमध्ये झोपण्याची, चहापाण्याची सोय केली आहे. अशा गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. राज्य सरकारनं २०२१ मध्ये या पर्यटनाचं धोरणही आणलं. आम्ही चौघं पाथर्डी रस्त्यानं निघालो आणि चांदबिबी महालाच्या डोंगराखाली मुक्कामाला थांबलो. हा महाल म्हणजे खरं तर सलाबतखानाची कबर. ती आहे उंचावर, म्हणून वर जाण्याचा बेत आभाळ बघून रद्द केला.

दिवेलागणीला वीज चमकली. पुतण्या आकडे मोजू लागला. बारा मोजल्यावर गडगडाट आला. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे वीज चार किलोमीटरवर होती. पुढच्या वेळी आकडा सहावर आला. "काचा वर करा, चार्जर काढा, पत्र्याला हात लावू नका," तो म्हणाला.

समोर कडुनिंबाखाली एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याचा नातू उभे होते. मी दार उघडून ओरडलो, "बाबा, झाडाखाली थांबू नका, आत या!" दोघं धावत आले. म्हाताऱ्यानं टेकता टेकता विचारलं, "गाडीत कुणी पायाळू न्हाई ना?"

भाबीनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलवेना. "मी आहे," म्हणालो. म्हातारा उठलाच. पोरानं त्याचं धोतर धरलं. तेवढ्यात डोंगरावर असा कडाका झाला, की गाडीच्या काचा थरथरल्या.

"बाबा," मी म्हणालो, "वीज माझे पाय बघत नाही. ती उंच झाड बघते, मोकळ्या माळावर एकटा उभा माणूस बघते." मग पुतण्यानं त्यांना गाडीचं गणित सांगितलं. आपल्याला वाटतं, रबरी चाकांमुळे आपण वाचतो. तसं नाही. जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत हवा फोडून येते, तिला वीतभर रबर काय अडवणार? वाचवतो तो पत्रा. वीज टपावर पडली, तरी प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरतो. १८३६ मध्ये मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानं धातूनं मढवलेल्या खोलीत स्वतः बसून हे दाखवलं होतं. मात्र नुसत्या फायबरच्या गाडीत किंवा कापडी तंबूत हा आसरा मिळत नाही.

म्हाताऱ्याचा जीव मेंढरांत होता. त्याची काळजी खोटी नव्हती. वीज जमिनीत शिरली, की प्रवाह चहूकडे पसरतो. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय लांब असल्यानं तो अंगातून जातो. नॉर्वेमध्ये २०१६ साली एकाच ठिकाणी ३२३ रेनडिअर असे मेले. तरी त्या वेळी बाहेर जाऊन तो काय करणार होता? पोरानं धरलेलं धोतर सोडलं नाही, म्हणून तो बसला.

पाऊस थांबला. पण शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, हा नियम. ढग लांब गेल्यासारखा वाटतो, तरी वीज मागे वळून पडू शकते. घड्याळ पाहून आम्ही दार उघडलं. मेंढरं भिजली होती, पण शाबूत होती.

आणखी एक सांगतो. वीज अंगावर पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो, हीही समजूतच. त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला घ्या, १०८ ला फोन करा. घाबरून लांब उभे राहिल्यानं वाचणारा माणूस जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. ते फोनमध्ये असू द्या.

निघताना म्हातारा म्हणाला, "पायाळूच्या शेजारी बसलो आन् वाचलो, गावात कुणाला पटायचं न्हाई."

अम्मीलाही पटलं नसतं. पण तिनं त्या पोराला आधी घोंगडीत घेतलं असतं, एवढं नक्की.