पवित्र जीवन म्हणजे काय?

विद्यार्थिमित्रांनो, गेल्या वर्षीं शास्त्राच्या तासाला इयत्ता नववींतील एका मुलानें आम्हांस विचारलें, "सर, परीक्षा, शिकवणी, मोबाईल, या सगळ्यांत राहून माणसानें पवित्र कसें व्हावें? त्यासाठीं पाद्रीच व्हावें लागेल ना?" वर्ग हसला. आम्हांस मात्र हसूं आलें नाहीं; कारण प्रश्न खरा होता, आणि त्या दिवशीं दिलेलें उत्तर आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. तें पूर्ण करण्याचा हा अल्पसा यत्न आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. जुन्या कराराच्या इब्री भाषेंत 'पवित्र' या अर्थीं 'कादोश' हा शब्द येतो. देवासाठीं वेगळें काढून ठेवलेलें, अशी त्याची अर्थछटा आहे. आतां 'वेगळें' म्हटलें कीं आपल्याकडील मनुष्यास सोवळें आठवतें. सोवळें टिकतें तें दूर राहिल्यानें. कोणी शिवलें कीं तें मोडलें. आम्हां ख्रिस्ती लोकांतही सोवळ्याचा एक प्रकार शिरला आहे. अमुक सिनेमा पाहावयाचा नाहीं, अमक्याच्या संगतीस बसावयाचें नाहीं, रविवारीं स्वच्छ कपडे घालून उपासनेस जावयाचें. एवढें केलें म्हणजे आपण पवित्र झालों, अशी समजूत करून घेणें सोपें असतें. यांतील कांहीं नियम चांगलेही आहेत. परंतु नियम हें शेताचें कुंपण होय, पीक नव्हे.

मग पीक कोणतें? लेवीय या पुस्तकाचा १९ वा अध्याय उघडून पाहा. आरंभींच देव मोशेच्या द्वारें पवित्र होण्याची आज्ञा करितो, ती केवळ याजकांस नव्हे, तर इस्राएलाच्या सर्व मंडळीस. पुढें काय सांगितलें आहे? शेताचे कानेकोपरे कापून नेऊं नयेत. पडलेला सरवा गोरगरिबांस व परक्यांस राहूं द्यावा. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवूं नये. बहिऱ्यास शाप देऊं नये, आंधळ्याच्या वाटेंत अडखळण घालूं नये. चहाड्या सांगत फिरूं नये. पिकल्या केसांपुढें उठून उभें राहावें. परदेशी मनुष्यावर स्वतःप्रमाणें प्रीति करावी. वजनें व मापें खरीं ठेवावीं. उपासनेचे नियम त्या अध्यायांत आहेतच; परंतु शेत, बाजार, न्यायासन आणि रस्ता यांस त्यांच्याच पंक्तीस बसविलें आहे. रूथ ही परक्या देशची विधवा बवाजाच्या शेतांत सरवा वेचून सासूचें व आपलें पोट भरूं शकली, ती याच रीतीच्या आधारानें.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. हाच अध्याय शिकविण्याची तयारी आम्ही एका शनिवारीं रात्रीं करीत होतों. मजुरीच्या वचनापाशीं आलों आणि लेखणी थांबली. आमच्या घराची भिंत दुरुस्त करणाऱ्या गवंड्याचे दोन दिवसांचे पैसे आठवडाभर देणें राहिलें होतें. पैसे नव्हते असें नाहीं. 'देऊं उद्यां,' इतकेंच कारण. पूर्वीं सुटे पैसे नाहींत अशी सबब तरी सांगतां येई. आतां मोबाईलवरून क्षणांत रक्कम पाठवितां येते. दुसऱ्या दिवशीं उपासनेपूर्वीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो रागावला नाहीं. "लेकराच्या वह्या घ्यायच्या राहिल्या होत्या, मास्तर," एवढेंच म्हणाला. त्या रविवारीं आम्हीं धडा शिकविला तो ही हकीकत आधीं सांगून.

आंधळ्याची व गरिबाची ही आठवण ज्यांनीं जन्मभर ठेविली, असें एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील निराधार मुली व विधवा यांस त्यांनीं आश्रय दिला, आणि पुण्याजवळ केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. तेथें प्रार्थना होती, तशीच शेती होती, विणकाम होतें, छापखाना होता. आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास शिकविण्यांत येई. संस्कृतांत पारंगत असलेल्या या विदुषीनें इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें, तें मात्र खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रीसही समजावें अशा सोप्या मराठींत. विद्येचें शेत आपल्यापुरतें कापून न नेतां दुसऱ्यासाठीं सरवा राखणें तें हेंच.

आतां तुमच्या शेताकडे वळूं. ज्याला गणित समजलें नाहीं त्याच्यासाठीं मधल्या सुटींतील दहा मिनिटें राखणें, हा तुमचा सरवा. परीक्षेंत शेजाऱ्याची वही न पाहणें, हें तुमचें खरें वजन. कोणाची निंदा मोबाईलवर आली असतां ती पुढें न पाठविणें, हें चहाडीपासून दूर राहणें. परप्रांतांतून आलेला, मराठी अडखळत बोलणारा नवा सोबती आपल्या बांकावर बसविणें, ही परक्यावरील प्रीति. पालकहो, घरीं धुणीभांडीं करणाऱ्या बाईचा पगार तुम्ही कोणत्या तारखेस देतां, हें मुलें पाहत असतात. तो धडा आमच्या कोणत्याही धड्यापेक्षां त्यांच्या अधिक ध्यानांत राहतो.

हें सारें स्वबळावर साधत नाहीं, हा आमचा अनुभव आहे. परंतु ज्या प्रभूनें नासरेथांत सुताराचें काम केलें, त्यानें आपल्या शिष्यांसाठीं प्रार्थना करितांना त्यांस जगांतून काढून न्यावें असें मागितलें नाहीं. वाइटापासून त्यांचें रक्षण व्हावें, एवढेंच मागितलें. तेव्हां त्या मुलास आमचें उत्तर असें: बाळ, पाद्री अवश्य हो, परंतु पवित्र होण्यासाठीं तोंवर थांबूं नको. आज रात्रीं प्रार्थना करून निजण्यापूर्वीं एवढेंच आठवून पाहा, कोणाचें कांहीं देणें आपल्याजवळ रात्रभर राहणार तर नाहीं ना? आम्हीही पाहूं.