डीजे ते संगीत निर्माता : खानदेशातली वाट

जळगाव-धुळ्याकडे क्लब मोजकेच, त्यामुळे डीजेची उमेदवारी बहुधा हळदीत, वरातीत आणि गणेश विसर्जनात होते. सुरुवातीला साऊंडवाल्याकडे पेट्या लावणे, वायरी जोडणे हेच काम. मिक्सिंग त्यानंतर येते. चालू गाणे मिनिटाला १२४ ठोक्यांचे आणि पुढचे १२८ चे असेल, तर पुढचे गाणे एका कानाच्या हेडफोनवर ऐकत पिच स्लायडरने त्याची लय जुळवतात. मग जुन्याचा बेस उतरवून नव्याचा चढवतात. ठोका सरकला की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात, म्हणून खरी परीक्षा इथेच.

डीजे दुसऱ्यांची गाणी जुळवतो, तर निर्माता स्वतःची धून रचतो. १९९७ साली ‘फ्रुटीलूप्स’ नावाने आलेल्या एफएल स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमुळे हे काम घरच्या संगणकावर होऊ लागले. इथे खानदेशाची बाजू भक्कम आहे. पावरी या वाद्याचा सूर आणि अहिराणी बोलीचा ठसका तयार साउंड पॅकमध्ये सहसा सापडत नाही. ‘केसावर फुगे’ या अहिराणी गाण्याने खानदेशाची वेस केव्हाच ओलांडली. मराठीचेही तसेच : निर्माते क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे यांचे मराठी हाऊस गीत ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने प्रकाशित केले.

दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण वापरून रीमिक्स प्रकाशित करायचे, तर हक्कधारकाची परवानगी लागते. प्रत्यक्ष वाजवताना आवाजाचेही बंधन असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी असते. ठरावीक सणांना राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.