नीलगिरीचें लांकूड : गुण, दोष आणि वापरण्याची रीत

बांधावर नीलगिरी लावावी कीं न लावावी, हा वाद पुष्कळ झाला आहे. तो येथें पुन्हां काढण्याचा हेतु नाहीं. झाडें लावून झालीं, वाढलीं, आतां त्यांच्या लांकडाचें करावयाचें काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां झाडांचे वेढे मोजून पंचनामे लिहिण्याचें काम मीं वर्षानुवर्षें केलें. परंतु वेढा मोजणें निराळें आणि लांकूड ओळखणें निराळें, हें स्वतःचा गोठा बांधतांना कळलें.

सन २०१६ च्या उन्हाळ्यांत मीं बांधावरचीं बारा वर्षांचीं अकरा झाडें तोडविलीं. ओंडके तीन आठवडे उन्हांत पडून राहिले. गिरणीवर नेईपर्यंत प्रत्येकाच्या तोंडावर गाभ्यापासून चांदणीसारख्या भेगा गेल्या होत्या, आणि ज्या फळ्या निघाल्या त्यांतील कित्येक करवतीखालींच धनुष्यासारख्या वांकल्या. निम्मा माल सरपणांत गेला. गांवचे वृद्ध सुतार तो ढीग पाहून म्हणाले, “अण्णा, हें झाड उभें असतां स्वतःला आवळून धरतें. तुम्ही त्याला सोडलेंत, त्यानें अंग मोकळें केलें.”

सुतारबाबांचें म्हणणें शास्त्रास धरूनच आहे. नीलगिरी वाढत असतां बाहेरचा प्रत्येक नवा थर लांबीच्या दिशेनें ताणलेला राहतो व त्यामुळें आंतला गाभा दाबला जातो. उभ्या झाडांत हे दोन्ही जोर एकमेकांस तोलून धरतात. कुऱ्हाड पडली कीं तो तोल जातो. त्यांत भर म्हणजे, हें लांकूड वाळतांना आटतें फार, आणि तेंही सारखें नाहीं: वर्तुळाच्या दिशेनें जितकें आटतें, त्याच्या जवळजवळ निम्मेंच गाभ्याकडून सालीकडे आटतें. म्हणून फळी पिळवटते.

येथें नांवाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. ज्या डोंगरांवरून हें नांव पडलें, तेथें १८४३ पासून लावलेलें झाड निळ्या पानांचें व थंड हवेचें आहे. आमच्या सपाटीवरचें झाड बहुधा निराळ्या जातीचें किंवा संकराचें असतें. त्याचें बीं म्हैसूरकडील नंदी डोंगराच्या बाजूनें पसरलें, म्हणून त्यास म्हैसूर गम असेंही म्हणतात. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील ‘जारा’ ही याच कुळांतली. तिचे रूळपाट हिंदुस्थानांत आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रस्त्यांत तिचे ठोकळे फरशीसारखे बसविले गेले. ती कीर्ति ऐकून कोणी आपल्या दहा वर्षांच्या झाडाचा भाव ठरवूं नये. जारा मंदगतीनें वाढणारी, आणि तें लांकूड जुन्या अरण्यांतलें होतें.

आमच्या लांकडाचा गाभा तांबूस, बाहेरचा भाग फिकट. वाळल्यावर घनफुटास साधारण वीस किलो भरतें, म्हणजे सागाहून थोडें जडच. बळकटपणा चांगला, परंतु रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळें रंधा मारतांना तंतु उपटतात. रंध्याचें पातें धारदार व फार थोडें बाहेर काढलेलें असावें. वाळल्यावर खिळा सरळ ठोकूं नये. आधीं गिरमिटानें भोंक पाडावें, नाहींतर टोंक फाटतें. वाळवीपुढें कोवळ्या झाडाच्या गाभ्याचा भरंवसा धरूं नये. आणि बाहेरच्या फिकट भागांत पीठ पाडणारा किडा हमखास शिरतो.

दुसऱ्या वेळीं मीं रीत बदलली. तोड होतांच ओंडक्यांच्या तोंडांस डांबर फासलें, ओंडके लांबच ठेविले व सावलींत रचले, आणि ओले असतांनाच कापविले. कापतांना एका बाजूची एक फळी काढावी, मग ओंडका उलटून समोरची; एकाच बाजूनें कापत गेल्यास उरलेला ओंडका वांकतो. मधला गाभा फळींत येऊं देऊं नये. गिरणीवाल्यास हें उलटेंपालटें करणें जिवावर येतें. मजुरी थोडी जास्त देऊन स्वतः उभें राहावें. नंतर फळ्या सवागी आणि बोरिक आम्लाच्या पाण्यांत बुडवून कांहीं दिवस झांकून ठेवाव्या, म्हणजे औषध आंत मुरतें. हें औषध पावसानें धुवून जातें, म्हणून छपराखालच्या कामासच तें योग्य. शेवटीं सारख्या जाडीच्या पट्ट्या मध्यें घालून, वारा खेळेल पण ऊन लागणार नाहीं अशा जागीं रास करावी व वर दगडांचें वजन ठेवावें. घाई केल्यास सगळा खटाटोप फुकट.

बारीक झाडांस तर करवत लावूंच नये, असें माझें मत झालें आहे. गोल वाशांत ताण व दाब पुष्कळसे तोललेले राहतात. गोठ्याचे वासे मीं साल काढून गोलच वापरले. ते अद्याप सरळ आहेत. खांबांस मात्र जुन्या बाभळीचें लांकूड घेतलें, व तेंही दगडी बैठकीवर उभें केलें.

दुसऱ्या तोडींतल्या फळ्यांपैकीं पांचांत एखादी तरीही पिळलीच. उरलेल्यांच्या गव्हाणी केल्या आहेत. दाराची चौकट करण्याचें धाडस अजून केलेलें नाहीं. त्यासाठीं जाड वेढ्याचीं तीन झाडें बांधावर राखून ठेविलीं आहेत.