आकर्षणाची परिभाषा

पारलिंगी स्त्रियांविषयी ज्या पुरुषांना ओढ वाटते त्यांना काय म्हणावे, हा प्रश्न पाश्चात्त्य लैंगिकशास्त्राने हाती घेतला त्यास आता चार दशके होऊन गेली; परंतु त्याने सिद्ध केलेल्या संज्ञा वाचताना माझे मन त्या पुरुषापाशी न थांबता, जिच्यावर त्याचा जीव जडला तिच्याकडे जाते, कारण नाव जरी त्याला दिलेले असले तरी निवाडा बहुधा तिच्याविषयी झालेला असतो.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॉन मनी यांनी एका सहलेखिकेसह १९८४ साली 'गायनेमिमेटोफिलिया' ही संज्ञा मांडली. ग्रीक शब्दांच्या जुळणीतून तिचा अर्थ निघतो तो असा : स्त्रीचे अनुकरण करणाऱ्या व्यक्तीविषयीची आसक्ती. जिने आप्तस्वकीयांचा रोष आणि क्वचित उपजीविकेची हानीही सोसून स्त्री म्हणून जगणे पत्करले, तिचे समग्र आयुष्य येथे अनुकरणाच्या सदरात दाखल झाले आणि तिच्या कैफियतीस जागाच उरली नाही. शिवाय मनी यांनी या आकर्षणाची गणना पॅराफिलियांत, म्हणजे रूढ मार्गाबाहेरच्या कामवासनांत केली. पुढे १९९३ साली कॅनडातील रे ब्लँचर्ड आणि पीटर कॉलिन्स यांनी अशा पुरुषांनी दिलेल्या खाजगी जाहिरातींचा अभ्यास करून 'गायनॅन्ड्रोमॉर्फोफिलिया' हा आणखी अवघड शब्द वापरला. त्यात अनुकरणाचा आरोप नाही, हे खरे. पण स्त्री आणि पुरुष या दोहोंची लक्षणे असलेला आकार तेवढा त्यात उरला आणि माणूस दिसेनासा झाला.

हा दोष एखाद्या संशोधकाचा नव्हे. १८८६ साली मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांचा लैंगिक विकृतींवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला तेव्हापासून हे शास्त्र न्यायालयांच्या आणि वेड्यांच्या इस्पितळांच्या दफ्तरांतून आपली सामग्री गोळा करीत आले. साहजिकच जे फिर्यादीच्या किंवा व्याधीच्या रूपाने समोर आले तेच त्याला दिसले, आणि सुखाने नांदणाऱ्या जोडप्यांची नोंद करण्याचे कारणच कोणास पडले नाही.

अलीकडच्या संशोधनाने मात्र एक मोलाची गोष्ट दाखविली. अमेरिकेतील काही संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा पुरुषांची शारीरिक उद्दीपने यंत्राने मोजली, तेव्हा स्त्रीप्रेमी पुरुषांप्रमाणेच त्यांचीही ओढ पुरुषांपेक्षा स्त्रियांकडे कितीतरी अधिक आढळली, आणि तिच्या जोडीला पारलिंगी स्त्रियांविषयीचे प्रबळ आकर्षणही दिसले. असे पुरुष वस्तुतः लपलेले समलिंगीच असतात, हा जो लौकिक समज आहे त्याला त्यामुळे आधार उरत नाही. ज्या पुरुषाला या समजापायी आपले प्रेम चोरून ठेवावे लागते, आणि ज्या स्त्रीला त्यापायी चारचौघांत ओळखही मिळत नाही, त्या दोघांच्या दृष्टीने हा निष्कर्ष क्षुल्लक नाही.

आपल्याकडे मुंबईतील हिजडा आणि कोती, म्हणजे बायकी वळणाच्या पुरुष, मंडळींच्या बोलीत असल्या पुरुषाला 'पंथी' म्हणतात. हा शब्द कोणा वैद्याने घडविलेला नाही. ज्यांच्यावर प्रेम केले जाते त्यांच्याच तोंडचा तो आहे. तो पुरुष पुष्कळदा बायकामुलांचा संसार असलेला असतो, दिवसाउजेडी रस्त्यात भेटला तर मान वळवून पुढे जातो, याची जाणीव तो शब्द उच्चारणाऱ्या प्रत्येकीला असते, आणि तरीही त्याच्या ओढीला रोग म्हणण्याची आवश्यकता त्यांपैकी कोणालाच भासलेली नाही.