घड ठरतो मे महिन्यात

द्राक्षे आपल्या घरी येतात ती साधारण जानेवारीनंतर. हातगाडीवर भाव विचारायचा, एक मणी तोंडात टाकायचा आणि ‘आंबट आहेत हो’ म्हणत दहा रुपये कमी करायला लावायचे, इतकाच आपला त्यांच्याशी संबंध. माझे आजोळ निफाड तालुक्यातले, म्हणून त्या मण्यामागचे वर्ष मला थोडेफार ठाऊक आहे.

द्राक्षवेल आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. घड दिसतो गोडी छाटणीनंतर. पण तो ठरतो खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत. नव्या काडीच्या डोळ्यात तेव्हा इवलासा घड आकार घेत असतो. त्याला हवे असते लख्ख ऊन. नाशिकच्या मे महिन्यात ते फुकट मिळे. आभाळ भरून राहिले, की घडाऐवजी नुसती बाळी निघते.

२०२५ मध्ये मे महिन्यातच पावसाने गाठले. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला, नेहमीपेक्षा १६ दिवस आधी. त्या ऑक्टोबरात मामा म्हणाले, “बाग बघ, कशी हिरवीगार आहे. पण काडीत काही नाही. भाकड गाईला चारा घालतोय आम्ही.”

एखाद्या वर्षाच्या पावसाचे खापर हवामानबदलावर फोडता येत नाही, हे खरे. पण हवा एका अंशाने तापली, की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते आणि ते कोसळते तेव्हा धो धो कोसळते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस, २०२३ च्या नोव्हेंबरअखेरची गारपीट, ही संकटे डोळ्यांना दिसली. झोडपलेल्या बागांचे फोटो छापून आले. काडीतच न धरलेल्या घडाचा फोटो कोण काढणार?

यावर उपाय काय? बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालता येते. एकरी काही लाखांचा खर्च. पण प्लॅस्टिक पाऊस अडवते, ऊन आणत नाही. मामेभाऊ म्हणतो, खरड छाटणी मार्चमध्येच उरकू. मामा विचारतात, “आणि उन्हाळाभर पाणी कुठून आणशील?” दोघांचेही बरोबर आहे, म्हणूनच घरात अबोला आहे.

शेजारच्या बांधावरची बाग तोडून झाली. तिथे आता मका उभा आहे. मक्याचे एक बरे असते, चार महिन्यांत सोक्षमोक्ष लागतो. द्राक्षाची बाग पंधरा वर्षे सांभाळायची असते. आज वेल लावणारा माणूस एका हंगामावर नव्हे, पुढच्या पंधरा मे महिन्यांवर पैसे लावत असतो. आणि मामेभावाच्या हातात बँकेचा कर्जाचा अर्ज अजून कोराच आहे.