एका चिन्हात किती बिऱ्हाडं?

मराठीत ‘जरा’ लिहिलं की ते ‘जरा थांब’मधलं की म्हातारपण या अर्थाचं, हे कागदावर कळत नाही. जिभेला कळतं. पहिल्यात ‘जमीन’चा ज, दुसऱ्यात ‘जीव’चा. आपल्याकडे अशा जोड्या शोधाव्या लागतात. चिनी लिपीत त्या पावलोपावली भेटतात.

एक चिन्ह म्हणजे एक शब्द, असा आपला समज. प्रत्यक्षात ते जुन्या वाड्यासारखं असतं, दार एक आणि बिऱ्हाडं अनेक. चौरस्त्याच्या चित्रातून आलेलं एक चिन्ह ‘शिंग’ असं वाचलं तर ‘चालणे’. आणि गंमत म्हणजे ‘चालेल!’ म्हणतानाही शिंगच. तेच ‘हांग’ वाचलं की रांग, धंदा, पेढी. म्हणून बँक म्हणजे ‘यिन्‌हांग’. दुसरं एक चिन्ह ‘छांग’ म्हणून लांब, ‘चांग’ म्हणून वाढणे किंवा प्रमुख. दोन्ही शेजारी आली की बँकेचा प्रमुख, ‘हांगचांग’. कोणता उच्चार करायचा ते बहुधा शेजारच्या चिन्हावरून ठरतं.

ही बिऱ्हाडं निदान नात्यातली. काही मात्र निव्वळ उसनवारीची. ‘येणे’ या क्रियापदाला चित्र कसलं काढणार? म्हणून त्याच्यासारखाच आवाज असलेल्या गव्हाच्या चिन्हात त्याची सोय झाली, आणि ते घर त्याचंच झालं. इ.स. 100च्या सुमारास शू शन यांनी 9,353 चिन्हांचा कोश रचला, त्यात या उसनवारीला एक स्वतंत्र वर्ग दिला आहे. कधी मूळ मालकच नवं घर बांधतो. गवतात बुडणारा सूर्य म्हणजे संध्याकाळ; ते चिन्ह ‘कोणी नाही’, ‘नको’ या शब्दांनी बळकावलं, तेव्हा संध्याकाळीने खाली आणखी एक सूर्य काढून घेतला. तिच्या चिन्हात आजही दोन सूर्य आहेत!

शानहायगुआनजवळच्या मंग च्यांगन्यूच्या मंदिरात याचाच खेळ केलेली एक जोडओळ आहे. एका ओळीत एकच चिन्ह सलग सात वेळा, दुसरीत दुसरं सात वेळा. पहिलं कुठे ‘सकाळ’, कुठे ‘भरती’. दुसरं कुठे ‘वाढणे’, कुठे ‘नेहमी’. विराम हलवला की वाचन बदलतं. आपल्या श्लेषालाही इतका लोभ झेपला नसता.

1956पासून चीन सरकारने लिपी सोपी केली, तेव्हा काही वेगळी घरं मोडून एकात कोंबली. डोक्यावरचे केस आणि ‘पैसा कमावणे’तलं कमावणे यांचं चिन्ह एकच झालं, शेवया आणि चेहरा यांचंही. लिहिणाऱ्याचे कष्ट वाचले, हे मान्य. पण तैवान-हाँगकाँगात जुनी चिन्हं टिकून आहेत, आणि संगणक सोप्या लिपीतून जुन्या लिपीत उलटं जाताना अडखळतो. ‘सम्राज्ञी’ आणि ‘मागे’ हे शब्दही असेच एका घरात गेलेले. यंत्राने चुकीचं दार उघडलं की राणीसाहेबांच्या जागी नुसतं ‘मागे’ उभं राहतं.