जनरल चेकअप

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे सव्वानऊ. लालबागला एका जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवर उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी हे दुचाकींचं सर्व्हिस सेंटर. शटर अर्धंच वर गेलंय, त्याखालून वाकून मुलं आत-बाहेर करतायत. गाड्यांची रांग फुटपाथ ओलांडून रस्त्यावर आली आहे. माझ्या पुढे डिलिव्हरीचं काम करणारा एक पोरगा, पाठीवरची चौकोनी बॅग त्याने उतरवलेलीच नाही. मागे साठीचे एक काका, त्यांच्या स्कूटरच्या हुकाला मसाल्याची पिशवी. शेजारच्या गल्लीत मिरच्या कुटायला सुरुवात झालीय आणि रांगेतला एकेक जण शिंकतोय.

माझा नंबर येतो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पंचविशीतला, इस्त्रीचा टी-शर्ट, हातात टॅबलेट.

"बोला सर."

"तेच. चालता चालता बंद पडते."

"हीटिंग असणार. ऊन बघताय ना? त्यात पूल बंद, ट्रॅफिक किती!"

पूल म्हणजे एल्फिन्स्टनचा. १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री तो पाडकामासाठी बंद झाला आणि परळ-प्रभादेवीची वाहनं करी रोड, चिंचपोकळी आणि दादरच्या टिळक पुलावर लोटली. कोंडी खरीच आहे. पण त्याच कोंडीत माझ्या आजूबाजूच्या गाड्याही तापतात आणि सिग्नल सुटला की निघून जातात. माझी तेवढी विझते. अडखळत नाही, धक्के देत नाही. कुणी चावी बंद करावी तशी एकदम गप्प. मागचा टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवतो, मी ढकलत गाडी कडेला घेतो, स्टार्टर दाबतो, आणि ती काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते.

अ‍ॅडव्हायझर टॅबलेटवर दोनदा बोट टेकवतो. मी मान वाकडी करून बघतो. तक्रारीच्या रकान्यात आलंय : जनरल चेकअप.

पिशवीतून मी जुनी जॉब कार्डं काढतो. एकेक त्याच्या टेबलावर ठेवतो. प्लग बदलला. एअर फिल्टर बदलला. थ्रॉटल बॉडी साफ केली. शेवटच्या खेपेला बॅटरी बदलली, तिचे पैसे घेतले. आणि प्रत्येक कार्डावर तक्रार एकच : जनरल चेकअप. खाली शेरा : ओके. 'बंद पडते' हे दोन शब्द एकाही कागदावर नाहीत. कागद बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला गाडी तपासून घ्यायची हौस आहे.

"सर, स्कॅनरवर एरर येत नाही ना," अ‍ॅडव्हायझर म्हणतो. "एरर आली असती तर लगेच पार्ट बदलून दिला असता."

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे प्रदूषण-नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बुरेटर जवळजवळ गेलाच. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची हे आता सीटखालचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. पूर्वी नाक्यावरचा मेकॅनिक जेट काढून फुंकर मारायचा आणि आवाजावरून दुखणं ओळखायचा. आता वायर जोडतात आणि पडदा काय म्हणतो ते बघतात. पडदा गप्प असला की गाडी निरोगी आणि गिऱ्हाईक संशयी.

बाकावर बसतो. मसाल्याची पिशवी मांडीवर घेऊन काका शेजारी येतात.

"कार्डावर लिहून घ्या," ते हळूच सांगतात. "मी फ्रिजच्या वेळी पुरवठा भवनात जाऊन आलोय. तिथे पहिलं काय विचारतात? तक्रार केव्हा केली, कागद दाखवा."

पुरवठा भवन इथून लांब नाही. परळला गांधी हॉस्पिटलजवळ, जनरल नागेश मार्गावर. जिल्हा ग्राहक आयोगाचं काम तिथे चालतं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० ला लागू झाला, तेव्हापासून आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडेही दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायला हवं. वस्तूतच दोष आहे की नाही हे नुसतं बघून ठरत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो. सोय सगळी आहे. पण माझ्या पिशवीतल्या कागदांनिशी मी तिथे गेलो, तर माझ्या गाडीला आजवर काहीच झालेलं नाही, हे मीच सिद्ध करीन.

अकरा वाजतात. काचेपलीकडे माझी गाडी रॅम्पवर चढते. 'ग्राहकांना प्रवेश नाही' या पाटीखालून मी आत जातो. कुणी अडवत नाही. मिस्त्री पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, बोटांच्या पेरांत काळं मुरलेलं. ते स्कॅनर जोडत नाहीत. गाडीकडे न बघता माझ्याकडे बघतात.

"बंद पडते तेव्हा तुम्ही काय करत असता?"

"चालवत असतो."

"ते झालं हो. सरळ, की वळत?"

हे मला आजवर इथे कुणी विचारलेलं नाही. मी एकेक जागा सांगायला लागतो. चिंचपोकळीचा पूल उतरून आंबेडकर रोडला लागताना. भारतमाता सिनेमापाशी करी रोडकडे वळताना. ठाकूरद्वारला बस आणि टेम्पोच्या फटीतून गाडी काढताना. गिरगावात आमच्या चाळीच्या तोंडाशी गाडी फिरवताना.

"मरीन ड्राइव्हला?"

"कधीच नाही."

"मग साहेब, ही ऊन खात नाहीये. ही वळण खातेय."

ते स्टार्टर मारतात. इंजिन संथ चालू. हँडल हळूहळू डावीकडे नेतात, पार टोकाला टेकवतात. इंजिन बंद. हँडल सरळ करून स्टार्टर दाबतात, चालू. पुन्हा डावीकडे, पुन्हा बंद. शेजारच्या रॅम्पवरची दोन पोरं पाना हातात धरून बघत राहतात.

हेडलाइटचा पुढचा भाग उतरतो. हँडलच्या मानेशी सगळ्या वायरींचा जुडगा, म्हणजे हार्नेस, आत वळलाय; तिथे त्याची काळी टेप फ्रेमला घासून घासून चकचकीत झालीय, एका ठिकाणी पार फाटलीय. मिस्त्री नखाने ती उकलतात. आतल्या एका वायरचं प्लास्टिक चिरलंय, तांबं हिरवट पडलंय, आणि तारेचे बहुतेक धागे तुटून फक्त दोन-तीन टिकून आहेत. हँडल वळलं की तेवढेही सुटतात.

"किल स्विचची लाइन," ते म्हणतात. "इथे करंट तुटला की इंजिनाबरोबर कॉम्प्युटरही झोपतो. झोपलेला कसली एरर लिहिणार?"

आणि इथली ट्रायल म्हणजे सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर नाकासमोर एक फेरी. एवढं हँडल वळतं कुणाचं? कोंडीत अडकलेल्या माणसाचंच.

मिस्त्री वायर जोडून झाळतात, स्लीव्ह चढवतात, जुडगा थोडा सैल करून नव्या जागी बांधतात. अर्ध्या तासाचं काम. "हे तात्पुरतं. पूर्ण हार्नेस बदलून घ्या. वॉरंटीत बसतं," एवढं सांगून ते पुढच्या गाडीकडे वळतात.

काउंटरवर अ‍ॅडव्हायझर खुशीत आहे. "झालं ना सर काम! फीडबॅकचा फोन येईल, दहापैकी दहा द्या." प्रिंटरमधून कार्ड बाहेर येतं. तक्रार : जनरल चेकअप. शेरा : ओके.

"हे नको," मी म्हणतो. "लिहा : हँडल डावीकडे पूर्ण वळवल्यावर इंजिन बंद पडते. हार्नेसची वायर तुटलेली सापडली. तक्रार आधीच्या सर्व खेपांची तीच. हार्नेस वॉरंटीत मागवला आहे."

"सिस्टिममध्ये हा ऑप्शनच नाही सर. लिस्टमधूनच निवडावं लागतं."

"मग हाताने लिहा."

"मॅनेजरना विचारायला लागेल."

मॅनेजर येतात. गोड बोलतात. गाडी चालू झाली ना, मग कशाला एवढं, असं त्यांचं म्हणणं. मी जुनी कार्डं त्यांच्यासमोर तारखेप्रमाणे लावतो आणि बॅटरीचं बिल सगळ्यात वर ठेवतो. जुनी बॅटरी चांगली होती, हे आता त्यांच्याच मिस्त्रींनी दाखवलंय. ते बिल दोनदा वाचतात. पैशांचं काय, यावर "अर्ज द्या, वर पाठवतो" एवढंच. पण पेन काढतात. 'जनरल चेकअप'वर आडवी रेघ मारून माझं वाक्य लिहितात, सही करतात, शिक्का मारतात. अर्ज मी तिथेच उभ्याउभ्या लिहितो आणि त्याच्या प्रतीवर पोच घेतो.

डिलिव्हरीवाला पोरगा मघापासून बाजूला उभा राहून ऐकतोय. सकाळपासूनचा त्याचा धंदा बुडालाय, बॅग अजून पाठीवरच आहे. तो स्वतःचं कार्ड काउंटरवर सरकवतो.

"साहेब, माझ्यावरपण रेघ मारा. लिहा : मागे वजन असलं की करी रोडच्या पुलावर चढताना दम सोडते. एकटा असलो की नाही सोडत."

अ‍ॅडव्हायझर दाराबाहेरच्या रांगेकडे बघतो. "अरे, सगळ्यांचं असं लिहीत बसलो तर संध्याकाळ होईल."

"होऊ दे की," काका मागून म्हणतात, "निदान पुढच्या शनिवारी परत तरी यायला लागणार नाही."